मेमरी चिपच्या पिनांची फेरिस्त

यंत्राचा अनुक्रमांक व तत्सम मजकूर वीज गेल्यावरही शाबूत राखणाऱ्या २४सी०२ ईईप्रॉमला आठ पिना असून, त्यांपैकी सातवी लेखनास मज्जाव करते. ती प्रोसेसरच्या कोणत्या तारेस जोडली आहे हे बोर्डागणिक बदलत असल्यामुळे, लिनक्समध्ये त्याची नोंद ड्रायव्हरात न करता ‘डिव्हाइस ट्री’ नामक स्वतंत्र फेरिस्तीत करतात: कोणता नियंत्रक, कितवी तार आणि (खरी मेख येथेच आहे) सिग्नलची ध्रुवता (पोलॅरिटी). या चिपमध्ये पिन उच्च विद्युत्पातळीवर असता मज्जाव लागू होतो. नॅंड फ्लॅशमध्ये मात्र नेमका निम्न पातळीवर. ड्रायव्हरने ‘मज्जाव उठवा’ एवढाच हुकूम सोडावा आणि त्याचे शून्य वा उच्च व्होल्टेजमध्ये रूपांतर पिना हाताळणाऱ्या जीपीआयओ व्यवस्थेने त्या नोंदीवरून करावे, ही योजना मला मोठी शहाणपणाची वाटते. ध्रुवतेची नोंद उलटी पडली, तर चिप एरवी सताड उघडी राहते आणि ऐन लेखनसमयी तिला कुलूप बसते. अशा वेळी काही उत्पादकांच्या चिपा तर प्रत्येक बाइटची बिनदिक्कत पोच देतात, आणि आतला मजकूर मात्र जैसे थे!