बाग कुणाची? शीव ते दादर, सावलीतून चालत

डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. केसपेपरवर गोळ्यांची नावे लिहिलेली असतात, चालायचे कुठे ते मात्र लिहिलेले नसते. वस्तीतली गल्ली चार फुटांची. तिच्यात पाण्याची पिंपे, लावलेल्या मोटारसायकली, कडेने गटार. हमरस्त्यावर जावे तर फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही आणि गाड्यांचा धूर नाकातोंडात. मग शुगरचा किंवा बीपीचा पेशंट दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी घरीच बसतो. घरचे त्याला आळशी म्हणतात. खरे तर त्याला जागा मिळालेली नसते.

म्हणून या अंकात आम्ही औषधाऐवजी वाट सांगत आहोत. धारावी, शीव, माटुंगा, दादर या पट्ट्यात काही शांत, हिरव्या जागा आहेत. आपल्या बसगाड्या रोज त्यांच्या बाजूने जातात, पण आत गेलेले आपल्यात थोडेच. आम्ही पाच-सहा जण दोन रविवारी या जागा चालून आलो. वाटाड्या लागत नाही. वाटेचे तीन टप्पे आहेत, आणि एका दिवशी एकच केला तरी चालतो.

पहिला टप्पा : कचऱ्यावरचे जंगल

धारावी बस आगाराजवळ, शीव-वांद्रे जोडरस्त्याला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जागा ३७ एकरांची. एकेकाळी येथे मुंबईचा कचरा पडत असे. तो थांबवून त्या जमिनीवर झाडे लावण्यात आली, आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज फाटकातून आत शिरल्यावर शंभर पावलांतच रस्त्याचा आवाज मागे पडतो. येथे हिरवळ आणि कारंजी नाहीत, दाट झाडी आणि पाऊलवाटा आहेत. तांबट पक्ष्याचा ‘टुक टुक’ आवाज ऐकू येतो, खंड्या दिसतो, पावसाळ्यानंतर फुलपाखरे भरपूर असतात. पलीकडे मिठी नदी आणि तिच्या काठची खारफुटी.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला या जागेची किंमत लगेच कळेल. झाडाची पाने पाण्याची वाफ सोडतात, त्यामुळे आजूबाजूची हवा थंड होते. वरून सावली असते ती वेगळीच. पाने हवेतली धूळही धरून ठेवतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी हमरस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा अशा जागी चालावे.

आत जायला थोडे प्रवेशशुल्क आहे. हे उद्यान पहाटे उघडत नाही, तेव्हा निघण्याआधी वेळ विचारून घ्या. डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पाऊलवाट सोडू नका. तासाभरात आरामात फिरून होते.

दुसरा टप्पा : शिवेवरची टेकडी

शीव स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटे चालले की शीवचा किल्ला लागतो. शीव म्हणजे हद्द. या बाजूचे बेट इंग्रजांचे, पलीकडची साष्टी पोर्तुगीजांची, अशी ती हद्द होती. ती राखण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १६६९ ते १६७७ या काळात टेकडीवर किल्ला बांधला. आता भिंती पडक्या आहेत, पण झाडे उभी आहेत. पायथ्याशी बाग आहे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायथ्याच्या बागेतच फेऱ्या माराव्यात. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर जास्त भार उतरताना पडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना जमते त्यांनी मात्र सावकाश, मध्ये थांबत वर जावे. वर वारा असतो आणि दूरवरचे दिसते. दाटीवाटीत राहणाऱ्याचे डोळे दिवसभर दहा फुटांवरच्या भिंतीला अडलेले असतात. त्यांनाही विश्रांती हवी.

तिसरा टप्पा : महेश्वरी उद्यान ते राजगृह

शीवहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने दक्षिणेकडे चालू लागले की सुमारे अर्ध्या तासात किंग्ज सर्कलचे गोल महेश्वरी उद्यान येते. येथे पाच मिनिटे बसा, पाणी प्या. पुढे माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली एक लांबट बाग आहे. पुलाखालच्या जागेत गाड्या आणि पसारा साचू नये म्हणून आसपासच्या रहिवाशांनी महापालिकेकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०१६ मध्ये तेथे बाग झाली. नर्मदा नदीच्या वळणांसारखी आखलेली तिची पायवाट सुमारे ६०० मीटरची आहे. जागा शांत नाही, वरून-बाजूने गाड्या जातात. तरीही ती जरूर पाहा, कारण मागणी लावून धरली तर पुलाखालीसुद्धा बाग होते हे तेथे डोळ्यांना दिसते.

तेथून आत वळून दहा-पंधरा मिनिटांत फाइव्ह गार्डन्स. एका चौकाभोवती पाच बागा आणि सभोवार पारशी कॉलनीचे रुंद, सावलीचे रस्ते. येथले मोठे रेन ट्री म्हणजे पर्जन्यवृक्ष संध्याकाळी बघा, त्यांची पाने मिटलेली दिसतील. हे रस्ते आणि बागा अशाच पडून राहिलेल्या जागेवर झालेल्या नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या, दाट वस्तीत माणसे मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते, हवेशीर घरे आणि बागा आखल्या. मंचरजी जोशी या ट्रस्टमधल्या अभियंत्याने पारशी कॉलनी उभी केली. बागांना त्यांचेच नाव आहे.

याच सुधार ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशा एका बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे दोन खोल्यांत राहिले. एकाच ट्रस्टने कुणाला बागेभोवतीची घरे दिली आणि कुणाला एका मजल्यावर ओळीने खोल्या दिल्या. हवा आणि उजेड हे औषध आहे, हे शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. ते औषध सगळ्यांना सारखे वाटले गेले नाही, एवढेच.

फाइव्ह गार्डन्सपासून हिंदू कॉलनीतले राजगृह चालत पंधरा मिनिटांवर. चाळीतून बाबासाहेब याच घरी आले, मुख्यतः आपल्या पुस्तकांसाठी बांधलेल्या घरी. येथे नमन करून वाट संपवावी. दादर स्टेशन जवळच आहे. शीव स्टेशनपासून राजगृहापर्यंत सगळे मिळून साडेचार-पाच किलोमीटर होते. बसत-उठत दोन तास धरा.

किती चालावे, कसे चालावे

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीने हालचाल करायला सांगते. म्हणजे आठवड्यात पाच दिवस, रोज अर्धा तास. मध्यम गती ओळखायची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजची बिस्किटे ठेवावीत. घाम सुटला, हात थरथरले, गरगरले तर बसावे आणि लगेच गोड खावे. पायात मोज्यांसह बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे नीट पाहावेत, कारण शुगरमध्ये पायाची जखम दुखतेच असे नाही. छातीवर दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले तर चालणे तिथेच थांबवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.

चालण्याचा हा गुण आपल्याला नवा नाही. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. माणूस लांबचा प्रवास सोसतो, कष्ट सोसतो, निरोगी राहतो, त्याचे खाल्लेले नीट पचते आणि त्याची एकाग्रता टिकते.

फाटकापाशी पाय अडखळतो तेव्हा

आमच्याबरोबर आलेल्या एका ताई, वय बासष्ट, तीस वर्षे घरकामाला जाताना एका बागेवरून रोज जात होत्या. आत कधी गेल्या नव्हत्या. का, विचारले तर म्हणाल्या, “ते तिथल्या लोकांचं असतंय ना.” त्यांना कुणी अडवलेले नव्हते. विचारणारच नाही, अशी सवय लागलेली होती.

महाडचे चवदार तळेही सार्वजनिक होते. पण १९२७ साली बाबासाहेब लोकांना घेऊन तेथे गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते आपले झाले. महापालिकेची बाग करातून चालते. काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर आपणही कर भरतो. तेव्हा आत जा, बाकावर बसा, मुलांना खेळू द्या. कचरा मात्र टाकू नका आणि कुणाला टाकू देऊ नका.

एकट्या बाईला संकोच वाटत असेल तर महिला मंडळाने रविवारी विहारातल्या वंदनेनंतर दहा जणींनी मिळून निघावे. वस्तीजवळची बाग कामावरून सुटण्याच्या वेळी बंद असेल, बाकडी मोडली असतील, मुतारीला कुलूप असेल, तर वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा जा.

आपल्या वस्तीपासून पंधरा मिनिटांवरची हिरवी जागा कोणती, तिथे पाणी, बाक आणि मुतारी आहे का, हे आम्हाला कळवा. पुढच्या अंकांत एकेक वाट छापू.