धडधड तीच, कारण वेगळं!

छातीत धडधड? घशाला कोरड? तळहातांना घाम? मग समोर एकतर भूत उभं आहे, नाहीतर ‘ती’! आणि गंमत अशी की शरीराला यातला फरक पटकन कळतच नाही.

खोटं वाटतंय? मग ऐका. 1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक भन्नाट प्रयोग केला. पूल उंच, डुलणारा, खाली खोल दरी. पुलावर तरुण पोरांना एक मुलगी भेटायची, चार प्रश्न विचारायची आणि वर फोन नंबरही द्यायची. भक्कम, ठेंगण्या पुलावर भेटलेल्या पोरांपेक्षा झुलत्या पुलावरच्या पोरांनी तिला कितीतरी जास्त फोन केले! जीव घाबरला होता आणि मनाला वाटलं, प्रेमात पडलो. पहिल्या डेटला हॉररची तिकिटं का काढतात, आलं ना लक्षात?

आम्ही मोहगावकर तर दोन्ही खात्यांत जन्मजात श्रीमंत. मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या सौंसर तालुक्यातलं आमचं हे गाव ओळखलं जातं ‘मोहगाव हवेली’ म्हणून. मोह रोमान्सवाल्यांचा, हवेली हॉररवाल्यांची! त्यात गावात मंदिर अर्धनारीश्वराचं. शिव आणि पार्वती एकाच रूपात. यापेक्षा मोठी लव्हस्टोरी कुणी लिहून दाखवावी.

मोठ्या पडद्यावर पिक्चर बघायचा म्हटला की आमची गाडी सुटते सावनेरवरून नागपूरला. रात्रीचा शो आटोपून परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, मिट्ट काळोख, आणि गाडीत हमखास एकजण म्हणणार, “भाऊ, मांगं पाहू नको!” हॉररचा खरा सेकंड हाफ तिथेच सुरू होतो. तेव्हा भुता-प्रेमाच्या पिक्चरांवरची आमची मतं पक्की आहेत. पॉपकॉर्न धरा, निघू या!

सुरुवात घरच्याच भुतापासून. ‘स्त्री’ (2018) बघितलात? त्यातली रात्रीची सामसूम गल्ली, भिंतीवरची अक्षरं, जुने दरवाजे, सगळं आपल्या मध्य प्रदेशातल्या चंदेरीचं. चंदेरी आधी साड्यांसाठी प्रसिद्ध होती, आता भुतासाठीही! भिंतीवर ‘उद्या ये’ लिहून भुताला परत पाठवण्याची आयडिया मात्र कर्नाटकातली. तिथे ‘नाळे बा’ असं दारावर लिहिल्याची दंतकथा 1990 च्या दशकात गाजली होती. भूत दररोज येतं, वाचतं आणि परत जातं. काय शिस्तीचं भूत!

माहीत आहे का, ‘स्त्री 2’ (2024) मधला मुंडकं नसलेला तो ‘सरकटा’ कोण आहे? जम्मू-काश्मीर पोलिसांतले सुनील कुमार! उंची साडेसात फुटांच्या पुढे, कुस्तीचा नाद, ‘जम्मूचा ग्रेट खली’ अशी ओळख. चेहरा कॉम्प्युटरचा, पण धिप्पाड देह शंभर टक्के ओरिजिनल. भारतात फक्त हिंदीतल्या निव्वळ कमाईत 600 कोटींचा पल्ला ओलांडणारा हा पहिला पिक्चर ठरला. आमचं मत? हसवलं भरपूर, घाबरवलं थोडं. पहिला भाग सरस.

आता कॉलर ताठ करा, कारण पुढचं भूत मराठी आहे.

‘मुंज्या’ (2024). मुंज झाली, पण लग्नाआधीच मेला, असा पोरगा पिंपळावर बसतो, हे आजीने कुणाला सांगितलं नाही? तीच गोष्ट कोकणात नेऊन दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी असा पिक्चर काढला की त्याने 100 कोटींची कमाई केली. मोठा हीरो नाही, परदेशातली गाणी नाहीत. पिंपळ, समुद्र आणि लग्नासाठी हटून बसलेला एक कार्टा! त्याला हवी असते ‘मुन्नी’, म्हणजे मूळ कथा शेवटी एकतर्फी प्रेमाचीच. नायिका शर्वरी कोण, ठाऊक आहे? महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची नात.

याच सरपोतदारांनी डोंबिवलीत झोंबी सोडले होते. ‘झोंबिवली’ 2022 च्या प्रजासत्ताकदिनी थिएटरात आला. नाव वाचूनच अर्धे पैसे वसूल! 2025 च्या दिवाळीत त्यांनी ‘थामा’ काढला. त्यात रक्तपिपासू बेताळांच्या दुनियेत जमलेली लव्हस्टोरी. भूत अधिक प्रेम, हा हिशोब या माणसाला बरोबर जमलाय.

आणि आता जरा थांबा. स्क्रोल करणारं बोट खाली ठेवा, कारण ‘तुंबाड’ येतोय.

गेल्या पंधरा वर्षांत हिंदीत याच्या तोडीचा हॉरर झालेला नाही, हे आमचं ठाम मत. त्याची सुरुवात कुठे झाली, माहीत आहे का? शेजारच्या विदर्भात! 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली. जंगलातली रात्र आणि धारपांची कथा! पोराच्या डोक्यात ती जी रुतली ती निघालीच नाही. अठराव्या वर्षी त्यांनी पहिला मसुदा लिहिला. पुढे पिक्चरची तब्बल 700 पानांची चित्र-आखणी केली. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पिक्चर पडद्यावर यायला 2018 उजाडलं. नागझिऱ्यापासून मोजा, पंचवीस वर्षं!

त्यातला पाऊस आठवतो? तो न थांबणारा, अंगावर शेवाळ चढवणारा पाऊस? तो खरा आहे. त्या ओल्या रंगासाठी युनिटने अनेक पावसाळे शूटिंग केलं. दिग्दर्शकाच्या घरातही लेखणीच. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे हे त्यांचे वडील. व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीकची सुरुवात 2018 साली याच पिक्चरने झाली.

आणि बॉम्ब तर अजून फुटायचाच आहे. अंगातून झाड उगवलेली ती भयंकर म्हातारी आठवते? आणि नायक विनायकचा पोरगा पांडुरंग? दोन्ही भूमिका एकाच मुलाने केल्या आहेत, मोहम्मद समद! मेकअपच्या थरांखाली म्हातारी तो, उजेडात पोरगाही तोच. हे वाचून पुन्हा बघायची इच्छा झाली असेल तर लगेच बघा, दुसऱ्यांदा जास्त भीती वाटते.

पहिल्यांदा लागला तेव्हा तुंबाड फारसा चालला नव्हता. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा दुपटीहून जास्त कमावून गेला. मेलेलं परत येतं म्हणतात ते हेच!

हाच चमत्कार रोमान्सनेही केला बरं का. 2016 सालचा ‘सनम तेरी कसम’ त्या वेळी आला कधी, गेला कधी, कळलंच नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये व्हॅलेंटाईनच्या तोंडावर पुन्हा लावला, तर हाऊसफुल्ल! जुन्या कमाईच्या कितीतरी पुढे. पब्लिक उशिरा येतं, पण आलं की मनापासून येतं.

उसाच्या फडाची भीती वाटते का कुणाला? ‘लपाछपी’ (2017) बघितल्यावर वाटेल. पूजा सावंतने साकारलेली एक गरोदर बाई, आणि चारी बाजूंनी ऊसच ऊस. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी तोच पिक्चर 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला. आम्ही दोन्ही पाहिलेत. मराठीच जास्त अंगावर येतो. त्यातली खरी भीती भुताची नाहीच; मुलगी नको म्हणणारी माणसं, हाच त्यातला हॉरर.

असंच एक गुजराती-हिंदी जोडपं. 2024 चा ‘शैतान’ हा 2023 च्या गुजराती ‘वश’चा रिमेक, आणि वशीकरण झालेली ती मुलगी दोन्हीकडे एकच, जानकी बोडीवाला. ‘वश’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

हॉरर आणि रोमान्स एकाच ताटात पहिल्यांदा झकास कुणी वाढलं? 1949 चा ‘महल’! पडका वाडा, झोका, पुनर्जन्म, आणि मधुबाला. तेव्हा तिचं वय? अवघं सोळा! जन्मतारीख? 14 फेब्रुवारी! रोमान्सच्या राणीने दुसरी कुठली तारीख निवडली असती? यातल्या ज्या गाण्याने लताबाई घराघरांत पोचल्या, त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर त्यांचं नावच नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं पिक्चरमधल्या पात्राचं नाव, ‘कामिनी’. लताबाईंचा जन्म इंदूरचा, हीरो अशोककुमारांचं बालपण खंडव्याचं. म्हणजे महलच्या दोन विटा आपल्या राज्याच्या! आणि एडिटर कोण, तर पुढे ‘दो बिघा जमीन’ करणारे बिमल रॉय.

आता फटाफट तीन, श्वास न घेता. ‘सायको’ (1960) मधलं बाथरूममधलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये झकास दिसलं. ‘हॅलोविन’ (1978) मधल्या खुन्याचा तो पांढरा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंग मारलेला. आणि ‘भूलभुलैया’ (2007) ज्या मल्याळम ‘मणिचित्रताळु’ (1993) वरून आला, तो कन्नड, तमिळ आणि बंगालीतही बनला. इतक्या भाषांत गाजलेल्या या भुताच्या पिक्चरमध्ये भूत मात्र नाही!

बाहुला नको म्हणणारी अख्खी मराठी पिढी कुणी घडवली? ‘झपाटलेला’ने, 1993 साली. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा, आणि तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकरांनी. तेच प्रभावळकर नंतर ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले. एवढी मोठी झेप दुसऱ्या कुठल्या नटाने मारली असेल, तर सांगा!

चला, आता प्रेमाकडे. ‘सैराट’शिवाय सुटका नाही.

29 एप्रिल 2016. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीत दुसरं गाणं वाजलंच नाही, आणि सीमेच्या अलीकडे आमच्याकडेही तेच! 100 कोटींच्या घरात गेलेला तो पहिला मराठी पिक्चर. संगीताचं रेकॉर्डिंग कुठे? थेट हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत, मोठ्या ऑर्केस्ट्रासह. करमाळ्याच्या मातीतली प्रीत आणि व्हायोलिनं लॉस एंजेलिसची! हिंदी, कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली, इतक्या भाषांत तो पुन्हा बनला. कन्नडमध्ये तर नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. शाळकरी वयात राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळवलेली पोरगी, दुसरी कोण पुरी पडणार?

पण सैराटचा शेवट आठवा. आवाज बंद, संगीत बंद, आणि लहान लेकराची पावलं. एकही भूत नसलेला तो सीन आम्हाला सगळ्या हॉररपटांपेक्षा भयानक वाटतो. नागराज मंजुळेंनी त्या एका शांततेत जे केलं ते कुठल्याच किंकाळीला जमलेलं नाही.

आणि तो शेवट बघून पांढुर्ण्या-सौंसरच्या माणसाला जे आठवतं ते बाकीच्यांना नाही आठवणार. गोटमार!

माहीत आहे का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णावाले, दुसऱ्या काठावरून सावरगाववाले एकमेकांवर दगड मारतात. यामागची आख्यायिका प्रेमाची आहे. पांढुर्ण्याचा पोरगा, सावरगावची पोरगी. दोघं पळून निघाली, नदीच्या मधोमध गाठली गेली, आणि दोन्ही काठांवरून दगड आले. दोघांचाही जीव गेला. म्हणजे सैराटची कहाणी आमच्या नदीत कितीतरी आधीपासून वाहतेय. आजही दरवर्षी माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेलेत. प्रेमाची आठवण म्हणून दगड मारायचे, हे काही पटत नाही. झाड रोवा, चंडीमातेची पूजा करा, त्या दोघांची आठवण काढा. दगड तेवढे नदीतच राहू द्या.

जरा हलकं होऊ. जुलै 2025 चा ‘सैयारा’ पाहिलात का? अहान पांडे आणि अनीत पड्डा, दोन कोवळे चेहरे, आणि थिएटरात रडणाऱ्या पोरापोरींचे रील देशभर. भारतातच 300 कोटींच्या पुढे गेला. आमचं मत सांगू? गाणी फर्स्ट क्लास, विसरण्याच्या आजाराचा भाग लांबलेला, पण हीरोईन लाजवाब. रुमाल नेला नसेल तर ओढणी चालते.

आणि दोनच माणसांवर अख्खा रोमान्स पेलून दाखवला कुणी? ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने, 2010 साली. स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे, एक दिवस आणि पुणे. दोघं एकमेकांना नावही सांगत नाहीत, तरी पब्लिक इतकं गुंतलं की पुढे दोन भाग आले. बजेट नव्हे, बोलणं चालतं!

आता आमचा निकाल. हॉररमध्ये एक नंबर ‘तुंबाड’, दोन नंबर ‘लपाछपी’. रोमान्समध्ये ‘सैराट’च, दुसरा नंबर ‘मुंबई-पुणे-मुंबई’. चारही पिक्चरांत बघा: कोकणाचा पाऊस, उसाचा फड, करमाळ्याची विहीर, पुण्याचा रस्ता. जिथली गोष्ट तिथलीच ठेवली की भीतीही खरी वाटते आणि प्रेमही.

मराठी भुतांनी हिंदीत कोट्यवधी कमावले, आता सीमेवरच्या मराठीची पाळी. जाम नदीच्या त्या दोघांवर कुणीतरी मोठ्या पडद्याचा पिक्चर काढा, आमच्याच बोलीत, पळसाच्या झाडासकट. लोकेशन दाखवायला मोहगाव तयार आहे आणि पहिल्या दिवसाची तिकिटं आम्ही काढतो!