ऋषीचे कूळ आणि मजुराचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मजुराच्या कुळाबद्दल मात्र अशी म्हण नाही. ते शोधायला कुणी जाईल, हे म्हण करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसावे!

आमच्या माळ्यावरच्या पेटीत एक वंशावळ आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती दरवर्षी खाली येते, मी ती अभिमानाने उलगडतो आणि नऊ पिढ्या मोजून पुन्हा गुंडाळून ठेवतो. यंदा आमची सौभाग्यवती खांद्यावरून डोकावून म्हणाली, "अहो, ह्यात एकसुद्धा बाई नाही. मुलं काय झाडाला लागली?" मी निरुत्तर झालो. जिथे बायकाच नाहीत, तिथे शेतावर राबणाऱ्या गड्यांची नावे कुठून असणार? मग मनात आले, ज्यांची वंशावळ कुणी लिहिलीच नाही, त्यांच्या नातवंडांनी काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या दप्तरांत सापडते. तिकडे उमरावांचे नव्हे, तर शेतमजूर, विणकर, मोलकरणी अशा पूर्वजांचे माग हजारो लोक हौसेने काढतात. हा शोध आजपासून मागे मागे जातो. जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद तेथे १८३७ साली सुरू झाली. १८४१ च्या शिरगणतीपासून घरोघरची नावे मिळतात. शेतमजूर इतके, की गणनेदारांनी त्यांच्यापुढे नुसते 'ॲग. लॅब.' एवढेच लिहिले आहे!

त्याच्याही मागे जायचे तर चर्चच्या वह्या उघडाव्या लागतात. एका चर्चच्या कक्षेतला मुलूख म्हणजे पॅरिश. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. वही ज्या पेटीत ठेवायची तिला दोन कुलपे. एक किल्ली पाद्र्याजवळ, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांजवळ. १७५४ पासून वधूवरांना वहीत सही करावी लागे. ज्याला अक्षर येत नसे तो फुली मारी. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी नांगर आणि बाईची निशाणी बांगडी असे, तशीच ही फुली. पुढे १८१३ पासून छापील वह्या आल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या धंद्यासाठी रकाना आला.

पण वाचकहो, जन्मला, लग्न केले, मेला, एवढ्याने माणूस कळतो थोडाच? मधले आयुष्य सापडते ते मॅजिस्ट्रेटच्या कागदांत. गरिबांना पोसण्याचा खर्च पॅरिशवर असे. त्यामुळे १६६२ च्या कायद्याने उपऱ्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची सोय झाली. दोन मॅजिस्ट्रेट त्याची जबानी घेत. जन्म कुठला? वर्षभर चाकरी कुणाकडे केलीस? पगार किती? मुले किती? विधवेची तऱ्हा आणखी न्यारी. तिला नवऱ्याचे पॅरिश लागू. मग तिथे तिने जन्मात पाऊल टाकलेले असो वा नसो! १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर 'पी' अक्षराचे कापड शिवले. आणि ज्या पोराच्या बापाचे नाव चर्चच्या वहीत नाही, ते पुष्कळदा मॅजिस्ट्रेटपुढच्या आईच्या जबानीत मिळते; कारण त्या पोराचा खर्च कुणाकडून तरी वसूल करायचा असे.

फौजदारी खटल्यांचेही तसेच. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या खटल्यांचे वृत्तांत १६७४ ते १९१३ पर्यंत छापले जात. ते आता घरबसल्या इंटरनेटवर वाचता येतात. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर एके काळी फाशी होती. म्हणून कित्येक निकालांत ज्यूरीने मालाची किंमत मुद्दाम एकोणचाळीस शिलिंग ठरवलेली दिसते. त्या एका शिलिंगाच्या दयेवर एखाद्याचा आजचा वंश उभा असेल!

मात्र घाई उपयोगाची नाही. एकाच गावात एकाच नावाचे तिघे निघतात आणि कारकून कानाला येईल तसे आडनाव लिहितो. वय, बायकोचे नाव, धंदा, सगळे जुळल्याखेरीज दुसऱ्याच्या आजोबाला आपला म्हणू नये.

मला नवल वाटते ते याचे, की हे कागद गरिबाची आठवण राहावी म्हणून कुणी लिहिलेच नव्हते. त्याला हाकलायचे होते, त्याच्यावरचे चार पैसे वाचवायचे होते, म्हणून त्याची हकिगत उतरवून घेतली. आज त्याच हकिगतीत नातवंडांना आजोबा भेटतो. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, पण ती यात्रेला जाऊ शकलेल्यांची.

यंदा वंशावळ गुंडाळण्यापूर्वी मी तिला एक कोरा कागद जोडला. त्यावर आईचे, आजीचे माहेरचे नाव लिहिले. पणजीचे विचारायला आता कुणी उरले नाही. मग आजोबांच्या शेतावर जन्मभर राबलेल्या गड्याचे नाव लिहिले. आडनावासाठी गावी फोन केला, चार घरी विचारले. ते कुणालाच ठाऊक नव्हते.