कोकणी नव्हे, कोकनी

बसा रे पोरांनो, वीज काही तासाभरात येत नाही. कंदिलाची काच पुसून झाली, शेंगा भाजून झाल्या, आणि मला आठवलाय एक मासा.

मागं एका उन्हाळ्यात लेकीकडं सॅक्रामेंटोला गेलो होतो, तेव्हा एका संध्याकाळी जावईबापू म्हणाले, "बाबा, उद्या पहाटे कोकनी धरायला जाऊ." मी म्हटलं, अहो, कोकणी माणूस आजवर कुणाच्या हाती लागलाय का? तुमच्या आजीनं तर सरळ विचारलं, आमसुलं भिजत घालू का म्हणून. मग कळलं, कोकनी हा सामन जातीचा मासा, आणि नाव आलंय पार कॅनडाच्या डोंगरांतल्या सॅलिश आदिवासींच्या बोलीतून. अर्थ काय, तर लाल मासा. हे नाव तेवढं ध्यानात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी मी जो मासा हातात धरला तो चांदीच्या वाटीसारखा पांढराशुभ्र होता, आणि मला वाटलं, बारशाला काहीतरी घोळ झालेला दिसतोय.

तर आम्ही गेलो ते ताहो सरोवरावर. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या शिवेवर, समुद्रापासून १,८९७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिलात तरी त्याचं पाणी तुमच्या डोक्यावर अडीचशे मीटर. खोली ५०१ मीटर. कोकनी तिथला मूळचा नव्हे, १९४४ साली तो तिथं आला. एवढ्या पाण्यात वीत-दीड वीत मासा शोधायचा कुठं? आता तुम्हीच सांगा, वैशाखात मळ्यातल्या विहिरीत सूर मारता तेव्हा काय होतं? वरचं हात-दोन हात पाणी अंघोळीसारखं कोमट, आणि खाली गेलात की पोटात गोळा येईल असं गार. ऊन पडलं की तापलेलं पाणी हलकं होऊन वर तरंगत राहतं, गार पाणी जड म्हणून खाली, आणि दोघं एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. तळ्याचंही तसंच. कोकनीला दहा-बारा अंशांचं पाणी मानवतं, म्हणून उन्हाळाभर तो त्या गार थरात, सत्तर-ऐंशी फुटांवर, थव्यानं फिरत असतो.

गळ टाकून काठावर डुलक्या काढणं मला ठाऊक होतं, त्यात मी तरबेज आहे. इथं मात्र होडी चालू ठेवून गळ मागं ओढत न्यायचा, त्याला म्हणतात ट्रोलिंग. होडीच्या कडेला एक छोटा रहाट, त्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला मोठ्या पेरूएवढा चार-साडेचार किलोंचा शिशाचा गोळा. गळाची दोरी तारेवरच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हवा तेवढ्या फुटांवर सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि इतका वेळ वाकून बसलेली काठी टणकन सरळ होते. गळाच्या पुढं वीतभर लांबीचा चकचकीत पत्रा, तो पाण्यात डावी-उजवीकडं डुलत जातो. त्याच्यामागं थोड्याच अंतरावर गुलाबी झिरमिळ्यांचा इवलासा गोंडा, आणि त्या गळाला लावलेत काय, तर पांढऱ्या मक्याचे दाणे. लसणाचा वास लावलेले! फोडणीच काय ती राहिली होती.

होडीची चाल ताशी दोन किलोमीटर. वारीत मागं पडलेला म्हातारासुद्धा पुढं निघून जाईल. त्यातही नावाडी सरळ जाईना, सारखा नागमोडी वळणं घेत होता. मी विचारलं तर हसला आणि हातानं दाखवलं, आणि मला आपलं खळं आठवलं. मळणीत तिवड्याजवळचा बैल रेंगाळतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं की नाही? तसंच वळण घेताना आतल्या बाजूचा गळ मंदावून खाली जातो आणि बाहेरचा वेग धरून वर येतो. मासा बहुतेक वेळा असा वळणावरच लागतो.

आता खरी गंमत ऐका. हा मासा मका खात नाही. गोंडाही खात नाही. त्याचं जेवण म्हणजे पाण्यात तरंगणारे, मोहरीच्या दाण्याएवढे जीव, डॅफ्निया नावाचे. ते तो डोळ्यांनी हेरून टिपतो, आणि कल्ल्यांच्या आत असलेली बारीक दातेरी गाळणी त्यांना निसटू देत नाही. मग गळाला तोंड का लावतो? जुने नावाडी म्हणतात, चिडून. पत्रा डोळ्यांपुढं लकाकतोय, गोंडा नाकापुढं नाचतोय, कितीदा सोसायचं! तुम्ही मोबाइलवर एकमेकांना ट्रोल करता ना, तो शब्दही याच गळावरून आला म्हणतात. आमिष ओढत न्यायचं आणि भूक नसलेल्यानं रागानं तोंड उघडायचं.

माझी काठी उठली तेव्हा मी इथल्या सवयीनं असा हिसका दिला की हातात नुसती दोरी आली. कोकनीचं तोंड कागदासारखं नाजूक, ओठ फाटून गेला. नावाड्यानं तोंडातून शब्द काढला नाही, फक्त दोरीच्या मधोमध रबराचा एक तुकडा बांधून दिला, झटका खायला. म्हाताऱ्यांसाठी असावा.

या माशाच्या भल्याचाही एक फसलेला बेत आहे. १९६३ ते ६५ मध्ये ताहोत मायसिस नावाची बारकी कोळंबी मुद्दाम सोडली, माशांना खुराक मिळावा म्हणून. ती पडली निशाचर! दिवसा खोल अंधारात दडून बसते, जिथं डोळ्यांनी शिकार करणाऱ्या कोकनीला ती दिसत नाही, आणि रात्री वर येऊन त्याचा डॅफ्निया खाऊन जाते. थोड्या वर्षांत डॅफ्निया जवळजवळ संपला. ज्याला वाढायला बोलावलं, तोच ताटावर बसला.

आणि आता ते लाल नाव. समुद्रात जाणारा सॉकाय सामन आणि कोकनी, एकाच जातीचे. सॉकाय समुद्रात कोळंबीसारखे जीव भरपूर खातो, त्यांचा तांबडा रंग त्याच्या मासात मुरतो, आणि विणीला परतताना तो रंग मासातून कातडीत उतरतो. पण त्याच सॉकायची काही पोरं तळ्यातच राहिली तर विणीच्या वेळी हिरवट पडतात, कारण तळ्यातल्या जेवणात तेवढा रंगच नसतो. कोकनी मात्र त्याच बेताच्या जेवणावर लाल होतो. पिढ्यान्‌पिढ्या लाल जोडीदारच पसंत पडत गेले आणि त्यांच्या अंगात थोडा रंगही जास्तीत जास्त साठवायची खोड मुरली. आपली आजी तेलाच्या घाण्याखाली सांडलेला थेंबसुद्धा बोटानं टिपून घ्यायची, त्यातलाच प्रकार. समुद्र सोडला, पण लग्नाचा शेला सोडला नाही. शरीर लालभडक, डोकं हिरवं, नराचा जबडा पोपटाच्या चोचीसारखा वाकडा. मी जुलैत गेलो होतो, म्हणून मला चांदीच दिसली.

बहुतेक तीन-चार वर्षांचे झाले की ते ओढ्यात चढतात, मादी शेपटीनं खडीत खळगा करून अंडी घालते, आणि मग काही दिवसांत दोघंही मरतात. पिल्लं वसंतात वर येतात तेव्हा आईबाप नसतात. ताहोच्या दक्षिण टोकाला टेलर क्रीक नावाचा ओढा आहे, तिथं वनखात्यानं काठाशी जमिनीखाली एक खोली बांधून तिला ओढ्याच्या बाजूनं काच बसवलीय. लेकीला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला मी ऑक्टोबरात येणार.