पेव्हर बसले म्हणजे चौक सुधारला?

गडहिंग्लज तालुक्यातल्या बहुतेक गावांत तिकटी, चावडी, देऊळ आणि झाडाचा पार हाकेच्या अंतरावर असतात. गावाचा हा मध्य सुधारायचं ठरलं की आधी कमानीचं चित्र येतं, मागोमाग पेव्हर ब्लॉकचा ट्रक. गैरसमजही तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : सिमेंट घातलं की काम पक्कं.

वस्तुस्थिती : जुना थर न उकरता वर नवा चढवत गेलं, की रस्ता उंबऱ्यापेक्षा उंच होतो आणि वळवाचं पाणी थेट सोप्यात शिरतं. पाराचंही तसंच. दगडमातीच्या पारात पाणी मुरायचं. बुंध्यापर्यंत सिमेंट भिडलं की मुळांना ना हवा, ना पाणी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्या पिंपळासाठी तेवढी जागा इस्टिमेटमध्येच लिहून घ्यावी, कारण बिल निघाल्यावर फोडायला कोणी फिरकत नाही. आधी उतार, मग गटार, फरशी सगळ्यात शेवटी.

गैरसमज : वित्त आयोगाचा निधी आहे, कमान उरकून घेऊ.

वस्तुस्थिती : पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के निधी बंधित ठेवला, तो स्वच्छता आणि पाण्यासाठीच. चौकातलं सांडपाणी, शोषखड्डे, पाऊसपाणी साठवण यात बसतं. कमान बसत नाही.

गैरसमज : ग्रामसभेच्या वहीत सह्या झाल्या, म्हणजे गावाला विचारलं.

वस्तुस्थिती : गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर जण आले की सभा कायदेशीर. तहकूब सभेला तर तीही अट नाही. म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा महत्त्वाची. चौकाचा विषय तिथे मनापासून निघाला, तर दिवे, स्वच्छतागृह, एसटीची वाट बघायला सावली, अशा मागण्या येतील. कमान कोणी मागेल असं वाटत नाही. त्यांतलं काय मंजूर झालं हे पडताळायला गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर, अगदी मोबाइलवरूनही बघता येतो.

गैरसमज : लोकसहभाग म्हणजे श्रमदान.

वस्तुस्थिती : पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्या हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत श्रमदान हे एकच सूत्र. उरलेली चार म्हणजे चराई, कुऱ्हाड, नशा यांवरची बंदी आणि कुटुंबनियोजन, थोडक्यात गावाने स्वतःला घातलेले निर्बंध. एक दिवस घमेली उचलायला माणसं मिळतात. पारावर वाढदिवसाचा बॅनर लावायचा नाही, तिकटीवर उसाची ट्रॉली उभी करायची नाही, हे पाळायला मिळत नाहीत. खरा सहभाग इथे कळतो.

गडहिंग्लज शहरात नगरपरिषद असल्याने ग्रामसभा नाही. पण काम गावातलं असो वा शहरातलं, नकाशा आणि इस्टिमेट माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा अर्ज खडी पडायच्या आधी जायला हवा.