गाडीची कुरकुर – ९ : जड झालंय, पण केव्हा?

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून आपण एकच वाक्य बोलतो, ‘स्टिअरिंग हार्ड झालंय.’ डॉक्टरपुढे बसून ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगावं, तसं हे झालं. डॉक्टर निदान पुढचे चार प्रश्न तरी विचारतो. घाईतला मेकॅनिक ‘रॅक गेला’ म्हणून मोकळा होतो, आणि रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा दातेरी दांडा, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागड्या भागांपैकी एक. तेव्हा ते चार प्रश्न या आठवड्यात आपणच विचारू.

पहिला प्रश्न, हवा कधी भरली होती? हसू नका. पुढच्या टायरांत हवा कमी असली की रबर रस्त्याला जास्त चिकटतं आणि गाडी वळवताना खांदे भरून येतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक वेळा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा बघून हवा भरा आणि मग पुढे वाचा.

आता बॉनेट उघडा. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि त्याच्या तेलाचा छोटा डबा दिसला, तर तुमचं स्टिअरिंग हायड्रॉलिक. क्रायस्लरने १९५१ साली इम्पीरियल गाडीत हे बाजारात आणलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे : तुम्ही चाक जरासं वळवता, आतला व्हॉल्व्ह त्या बाजूला दाबाखालचं तेल सोडतो, आणि उरलेली ढकलाढकल तेल करतं. डबा नसेल तर बहुधा मोटर मदत करते. सुझुकीने १९८८ मध्ये जपानात सर्व्हो या छोट्या गाडीला ती बसवली. आज आपल्याकडच्या छोट्या गाड्या बहुतेक याच जातीच्या.

हायड्रॉलिकवाल्यांनी ‘केव्हा’ या शब्दाला धरून बसावं. गाडी पार्क करताना जड आणि ॲक्सिलरेटर दाबला की हलकं? संशय बेल्टवर किंवा थकलेल्या पंपावर. डबक्यातून गेल्यावर किंचाळून जड होत असेल, तर बेल्ट ओला होऊन घसरतोय. चाक वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतो? तेल कमी असेल किंवा त्यात हवा शिरली असेल. डब्यात फेस दिसला की समजा. सकाळी जड, दोन-तीन किलोमीटरनंतर सुरळीत, किंवा फक्त डावीकडेच जड, अशी तक्रार असेल तर मात्र व्हॉल्व्हची किंवा रॅकची सीलं झिजल्याची शक्यता मोठी. इथे मेकॅनिकचं म्हणणं खरं निघू शकतं.

तेलाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे लोक स्वतःला फसवतात. हे तेल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे ते कुठेतरी गळतंय. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा, आत तेल खळखळलं तर सील गेलंय. दर महिन्याला डबा भरत राहणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. आणि झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेच तेल घाला. सगळ्या गाड्यांना एकच तेल चालत नाही. चाक एका बाजूला पूर्ण वळवून तसंच दाबून धरण्याची सवयही सोडा, तेवढा वेळ पंप कमाल दाबावर तापत असतो.

इलेक्ट्रिकवाल्यांचं दुखणं वेगळं. मोटरला एकदम भरपूर करंट लागतो, त्यामुळे मरगळलेली बॅटरी किंवा सैल अर्थिंग आधी इथेच डोकं वर काढते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. अरुंद गल्लीत दहा वेळा पुढे-मागे केल्यावर चाक जड झालं आणि थोड्या वेळाने पूर्ववत झालं, तर घाबरू नका, मोटर तापली म्हणून यंत्रणेनेच मदत कमी केली होती. पिवळा किंवा लाल स्टिअरिंगचा दिवा लागून राहिला तर स्कॅनर लावूनच बघावं लागेल.

चालत्या गाडीत पॉवर गेली, तरी चाकं आणि स्टिअरिंग यांची जोडणी शाबूत असते. जोर मात्र दुप्पट-तिप्पट लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे आजही भेटतात. त्यांची स्टिअरिंगची आणि ब्रेकची, दोन्ही मदती जातात, आणि किल्ली बाहेर काढली तर चाक लॉकही होऊ शकतं. याला काटकसर म्हणायची माझी तयारी नाही.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली भक्कम स्टँड लावा, इंजिन बंद ठेवा आणि स्टिअरिंग फिरवा. सहज फिरलं तर दोष मदतीत. तरीही अडलं तर कुठेतरी लोखंड लोखंडाला धरतंय.

चिपळूणला माझ्या मावसभावाची गाडी अख्खा पावसाळा अंगणात फणसाखाली उभी होती. दिवाळीत स्टिअरिंग जड. गॅरेजने रॅक बदलायला सांगितला. आम्ही चाकं उचलून बघितली, तर एका फेऱ्यात ठरावीक जागी अडायचं आणि पुढे पुन्हा मोकळं व्हायचं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाचा जॉइंट गंजून धरला होता. तो बदलला. रॅक अजून जुनाच आहे. हवा मात्र तेव्हाही कमीच होती.