खवले मांजराची राखण

गोमंतकात वारूळ म्हणजे सातेरी देवीचे रूप. पेडणे तालुक्यातील पार्सेसारख्या गावांत वारुळावर कुदळ घालताना भाविकाचा हात कचरतो. मात्र त्याच वारुळातील वाळवी खाऊन बागायती राखणारे खवले मांजर सापडले, तर त्याचा सौदा करताना काहींचा हात कचरत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

संकट येताच हा दंतहीन, निरुपद्रवी प्राणी अंगाचे वेटोळे करतो. बिबट्यापुढे हे कवच पुरते. माणूस तो गोळा सरळ पोत्यात घालतो. ज्या खवल्यांना औषध म्हणून पैसा मोजला जातो, ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. चीननेही 2020 मध्ये त्यांना आपल्या अधिकृत औषधकोशातून वगळले. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत असून, शिकाऱ्यास किमान 3 वर्षांची कैद आहे. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. आणि मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देत असल्याने ही तूट सहजी भरून निघत नाही.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने कोकणात या कामी गावकऱ्यांनाच जोडून घेतले आहे. हाच मार्ग आम्हांस योग्य वाटतो. रात्रीच्या डोंगरात कायद्याचा हात पोहोचत नाही; गावाचा डोळा पोहोचतो. सातेरीला फुले वाहणाऱ्या हातांनी तिच्या दारीचा हा जीवही राखावा, एवढेच आमचे मागणे आहे.